मध्यमेंदू झोपलेला नसतो

मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग चालवणारे जे सांगतात ते आधी जसंच्या तसं मांडतो, म्हणजे उत्तर देताना त्यांच्यावर अन्याय व्हायला नको. त्यांचं म्हणणं असं: मेंदूचा डावा भाग तर्काचा, उजवा कल्पनेचा. या दोघांना सांधणारा मध्यमेंदू बहुतेक माणसांत जन्मभर सुप्तच राहतो. लहान वयात विशिष्ट संगीत ऐकवून, मेंदूत ‘अल्फा’ लहरी निर्माण करून तो जागा करता येतो. एकदा तो जागा झाला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतं, पत्त्यांचे रंग ओळखतं, सायकल चालवतं. शिवाय एकाग्रता वाढते, पाठांतर वाढतं, मार्क वाढतात. दोन दिवसांचं शिबिर, पुढे काही आठवड्यांचा सराव आणि फी हजारांच्या घरात.

आग्नेय आशियातून आलेलं हे खूळ आपल्याकडे आता चांगलंच रुजलं आहे. मंगळूरचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी आणि आपल्याकडच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्याला जाहीर आव्हानं दिली, तरी जाहिराती थांबल्या नाहीत. आव्हानाची चर्चा दर वेळी पट्टीपाशी येऊन अडकते: मूल फटीतून बघत होतं की नव्हतं? हा प्रश्न महत्त्वाचाच आहे, त्याकडे मी येणार आहे. पण त्याच्याही आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. मध्यमेंदू नावाचा अवयव असतो कुठे आणि दिवसभर करतो काय? याचं उत्तर वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते पालकांना कळलं, तर दाव्याचं पहिलं वाक्यच उभं राहू शकत नाही.

मेंदूची रचना खालून वर बघत जाऊ. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू वर येतो आणि कवटीत शिरतो, तिथे त्याचा मस्तिष्कस्तंभ होतो. या स्तंभाचे तीन भाग. सगळ्यांत खाली लंबमज्जा, जिच्यावर श्वास आणि हृदयाची गती अवलंबून असते. तिच्या वर पॉन्स. आणि त्याच्या वर, मोठ्या मेंदूच्या अगदी तळाशी, मध्यमेंदू. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराहूनही थोडी कमीच. एवढ्याशा जागेतून मोठ्या मेंदूकडून हातापायांकडे जाणारे सगळे हुकूम खाली उतरतात आणि शरीराकडून येणाऱ्या स्पर्श-वेदनेच्या बहुतेक खबरी वर चढतात.

हा केवळ रस्ता नाही. मध्यमेंदूच्या पाठीवर चार छोटे उंचवटे असतात. वरचे दोन नजरेचे: डोळ्याच्या कोपऱ्यात काही हललं की मान आणि बुबुळं आपोआप तिकडे वळतात ती यांच्यामुळे. खालचे दोन कानांकडून आलेल्या संदेशांचं ठाणं. पोटात काळ्या रंगाचा एक पट्टा असतो. त्यातल्या पेशी डोपामिन तयार करतात. त्या पेशी मरत गेल्या की हात थरथरतो, हालचाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णन केलेला आजार तो हाच. डोळे हलवणाऱ्या तिसऱ्या आणि चौथ्या मज्जातंतूंची केंद्रंही इथेच. पापणी उचलून धरणं हे तिसऱ्या तंतूचं काम. मध्यमेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला तर त्या बाजूची पापणी पडते, डोळा बाहेरच्या बाजूला वळून राहतो आणि शरीराच्या विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. सुप्त म्हणावा असा एकही कोपरा या अवयवात नाही.

आणि जागेपणाचं काय? इथे तर दावा सत्याच्या बरोबर उलट्या टोकाला आहे. १९१७ च्या सुमारास व्हिएन्नात कॉन्स्टन्टिन फॉन इकोनोमो यांनी झोपेच्या एका विलक्षण साथीचा अभ्यास केला. रोगी दिवसेंदिवस झोपून राहत, उठवलं तर उठत, पुन्हा झोपत. मृत रोग्यांचे मेंदू तपासले तेव्हा इजा सापडली ती मध्यमेंदूच्या वरच्या टोकाशी, तो हायपोथॅलॅमसला मिळतो त्या सांध्यावर. पुढे १९३५ मध्ये बेल्जियमच्या फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजराचा मस्तिष्कस्तंभ मध्यमेंदूच्या पातळीवर छेदला, तर वरच्या मेंदूत सतत झोपेच्याच लहरी दिसू लागल्या. छेद लंबमज्जेच्या खाली घेतला, तेव्हा मात्र झोप आणि जाग यांचं चक्र चालू राहिलं. १९४९ मध्ये मोरुत्सी आणि मॅगून यांनी स्तंभाच्या गाभ्यातल्या पेशींच्या जाळ्याला विजेचा सौम्य धक्का दिला आणि गुंगीतल्या मांजराच्या मेंदूतल्या लहरी क्षणात जागेपणाच्या झाल्या. मोठ्या मेंदूला जागं ठेवणारी यंत्रणा स्तंभाच्या या वरच्या भागात आहे, हे अशा प्रयोगांतून उलगडत गेलं. ज्या मुलाचा मध्यमेंदू खरोखरच झोपलेला असेल ते मूल शिबिराला चालत येणार नाही. ते बेशुद्ध असेल, अतिदक्षता विभागात असेल.

हे पुस्तकी वाटत असेल तर घरी करून बघा. रात्री खोलीतला उजेड मंद करा. मुलाला समोरच्या लांबच्या भिंतीकडे बघायला सांगा. एक छोटा टॉर्च बाजूने आणून क्षणभर एका डोळ्यावर धरा. बाहुली लगेच आकसते. आता दुसऱ्या डोळ्याकडे लक्ष ठेवून तेच पुन्हा करा. ज्या डोळ्यावर उजेड पडलेला नाही त्याचीही बाहुली त्याच क्षणी आकसते. दृष्टिपटलावरून निघालेला संदेश मध्यमेंदूच्या वरच्या भागात गेला, तिथून दोन्ही बाजूंच्या केंद्रांना वाटला गेला आणि तिसऱ्या मज्जातंतूवाटे दोन्ही डोळ्यांकडे परत आला. हे सगळं सेकंदाच्या आत. तुमच्या मुलाचा मध्यमेंदू चालू आहे याचा हा पुरावा, आणि तो मिळवायला एक रुपयाही लागला नाही.

या चाचणीचा वापर किती गंभीर कामासाठी होतो तेही सांगायला हवं. आपल्या देशात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मस्तिष्कस्तंभ मृत झाला आहे का, हे चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं. चाचण्यांचा पूर्ण संच किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतात आणि त्यात बाहुल्यांवर उजेड टाकून बघणं असतंच. अपघातात गेलेल्या तरुण मुलाच्या आईबापांना अवयवदानाबद्दल विचारलं जातं ते या चाचण्यांनंतर. मध्यमेंदू थांबला आहे की नाही हे ज्या समाजात एवढ्या जपून, एवढ्या जबाबदारीने तपासलं जातं, त्याच समाजात कुणीही उठून हसत्याखेळत्या मुलाचा मध्यमेंदू बंद आहे असं सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. मला याचा राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

डाव्या-उजव्याचा मुद्दा लवकर संपवतो. दोन्ही अर्धगोलांना जोडण्याचं मुख्य काम कॉर्पस कॅलोसम नावाचा सुमारे २० कोटी तंतूंचा जाड पट्टा करतो. मध्यमेंदू त्याच्या बराच खाली आहे. रॉजर स्पेरी यांनी हा पट्टा छेदलेल्या रुग्णांवर काम केलं आणि १९८१ चं नोबेल मिळवलं. त्यांच्या कामातून अर्धगोलांची काही कामं वेगळी आहेत एवढंच कळतं. एक मूल डाव्या मेंदूचं आणि दुसरं उजव्या, असं त्यातून कुठेच निघत नाही. अल्फा लहरींचं तर त्याहून सोपं आहे. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे माहीत आहे की निवांत बसून डोळे मिटले की सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी मेंदूच्या मागच्या भागात बहुतेक सगळ्यांत दिसतात आणि डोळे उघडले की मावळतात. त्यासाठी हेडफोन लागत नाही, शिबिर लागत नाही.

तिसऱ्या डोळ्याचा आधार घेणारेही आहेत. मध्यमेंदूच्या वरच्या उंचवट्यांवर टेकलेली पिनियल ग्रंथी म्हणजे आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं तिसरं नेत्र, असं ते म्हणतात. काही सरड्यांच्या आणि न्यूझीलंडच्या तुआतारा या सरपटणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावर उजेड ओळखणारा पिनियलशी संबंधित असा डोळा असतो, हे खरं. माणसाच्या पिनियलला मात्र उजेड स्वतःहून कळत नाही. तिला दिवस-रात्रीची खबर मिळते ती डोळ्यांकडूनच, आणि मार्गही किती लांबचा: दृष्टिपटलावरून हायपोथॅलॅमस, तिथून खाली मज्जारज्जू, तिथून मानेतल्या मज्जापेशींच्या गाठी, आणि मग परत वर कवटीत. त्या खबरीनुसार ग्रंथी रात्री मेलाटोनिन सोडते. डोळे झाकले तर या ग्रंथीला बाहेरचं काही दिसण्याचा प्रश्नच येत नाही. तिच्यासाठी शंकराचं नाव वापरणं हा श्रद्धेचाही गैरवापर आहे.

आता त्यांचा सगळ्यांत बळकट युक्तिवाद, जो त्यांच्यापैकी थोडे अभ्यासू लोक करतात. लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ आणि एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७४ मध्ये ज्याची नोंद केली तो अंधदृष्टीचा प्रकार. मोठ्या मेंदूच्या मागच्या भागातलं एका बाजूचं दृष्टिकेंद्र काढावं लागलेला एक रुग्ण म्हणे, मला या बाजूचं काहीच दिसत नाही. पण उजेडाचा ठिपका कुठे आहे त्याचा अंदाज करायला सांगितलं की बोट बरोबर त्या दिशेने नेई. यामागे मध्यमेंदूतले दृष्टीचे उंचवटे असावेत असं मानलं जातं. मग मध्यमेंदू बघू शकतो हे सिद्ध झालं की नाही?

झालं, पण काय झालं ते नीट पाहा. त्या रुग्णाचे डोळे उघडे होते. उजेड दृष्टिपटलावर पडत होता आणि दृष्टितंतूंवाटेच आत जात होता. एकेका डोळ्यातून दहा लाखांहून अधिक तंतू निघतात. त्यांतले बहुतेक थॅलॅमसमधून मागच्या दृष्टिकेंद्राकडे जातात आणि थोडे फांदी फुटून मध्यमेंदूकडे. मुख्य वाट तुटल्यावर त्या फांदीचं काम उघडं पडलं, एवढाच अर्थ. ती फांदीही डोळ्यातूनच निघते. शिवाय त्या न दिसणाऱ्या बाजूला तो रुग्ण दिशा सांगू शकला, पान वाचू शकला नाही. वाचायला दृष्टिपटलाच्या मधला तो बारीकसा तीक्ष्ण भाग लागतो, मागचं दृष्टिकेंद्र लागतं, आणि त्याच्या पुढे अक्षरं ओळखणारा, वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेला मोठ्या मेंदूचा भाग लागतो. डोळ्याआधी उजेडच अडवला तर या साखळीची पहिली कडीच नाही.

बोटांनी रंग कळतात, कार्ड हुंगून कळतं, हेही ऐकायला मिळतं. बोटाच्या टोकाला दोन बिंदू वेगळे कळायला त्यांच्यात साधारण दोन ते तीन मिलिमीटर अंतर लागतं. ब्रेलच्या एका अक्षरातले ठिपके सुमारे अडीच मिलिमीटरवर आणि उठावाचे असतात ते याचसाठी. कागदावरची शाई सपाट असते. तिची लाल-हिरवी छटा ओळखणारी पेशी कातडीत नाही. वासाचे तंतू तर मध्यमेंदूला न शिवताच मोठ्या मेंदूत पोचतात, म्हणजे हुंगण्याचं श्रेयसुद्धा मध्यमेंदूला देता येत नाही. जन्मांध माणूस ब्रेल वाचतो तेव्हा त्याच्या मेंदूचा दृष्टीचा भाग कामाला लागतो, हे खरं आणि थक्क करणारं आहे; पण त्याला खबर येते ती स्पर्शाचीच.

मग मूल पट्टी बांधून वाचतं ते कसं? मी अशी प्रात्यक्षिकं जवळून पाहिली आहेत आणि जे दिसलं ते दर वेळी तेच. मूल कार्ड हातात घेतं, नाकाच्या शेंड्याच्या खाली आणतं, हनुवटी किंचित वर करतं. कार्ड थोडं डावीकडे-उजवीकडे सरकवतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, पट्टी आणि गाल यांच्यामध्ये, कितीही घट्ट बांधलं तरी एक फट राहते. माणसाच्या चेहऱ्याची ठेवणच तशी आहे. त्या फटीतून खाली आणि नाकाकडे बघता येतं. डोळा तसा वळवण्याचं काम मुख्यतः एका स्नायूचं, आणि त्याला चालवणाऱ्या चौथ्या मज्जातंतूचं केंद्र मध्यमेंदूत आहे. त्या क्षणी मुलाचा मध्यमेंदू मन लावून काम करत असतोच. जन्मापासून करत आला आहे.

ही फट नवी नाही. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात रोझा कुलेशोवा नावाची तरुणी बोटांनी वाचते म्हणून जगभर गाजली. मार्टिन गार्डनर यांनी १९६६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून नाकाशेजारून डोकावण्याची ही युक्ती उघड केली आणि पट्टीवर विसंबू नका, सगळं डोकंच झाकेल असं आवरण वापरा, असं सुचवलं. आपण तेवढंही करायला नको. कार्ड मुलाच्या डोक्यामागे धरा. किंवा पट्टी असू द्या, पण हनुवटीखाली एक पुठ्ठा आडवा धरा आणि कार्ड त्याच्याखाली ठेवा. पोहण्याचा चष्मा आतून काळा करून घाला. वाचणं तिथेच थांबतं. मग उत्तर येतं की लहरींना अडथळा झाला, मुलावर ताण आला, शंकेखोर माणसं जवळ असली की शक्ती काम करत नाही. डोक्यातून जाणाऱ्या लहरींना पुठ्ठा अडवत असेल आणि कापडाची पट्टी अडवत नसेल, तर ते फक्त एकाच गोष्टीबाबत खरं आहे. ती गोष्ट म्हणजे उजेड.

आणखी एक विचारतो. दादरची कमला मेहता अंधशाळा १९०० सालापासून मुलींना शिकवते आहे. राज्यात अशा कितीतरी शाळा आहेत. डोळ्यांशिवाय वाचण्याची युक्ती खरोखर सापडली असेल, तर तिचा पहिला हक्क त्या मुलांचा. मी पाहिलेली सगळी प्रात्यक्षिकं डोळस मुलांची होती.

यावर समजूतदार माणसंही म्हणतात, जाऊ द्या ना, नुकसान काय आहे, मुलाचा आत्मविश्वास तर वाढतो. माझा सगळ्यांत मोठा वाद या वाक्याशी आहे. आठ वर्षांचं मूल पट्टीखालून बघतं तेव्हा आपण बघतो आहोत हे त्याला कळत असतं. आजूबाजूची मुलं ‘दिसलं’ म्हणतात, ताई टाळ्या वाजवतात, बाबांनी फी भरलेली असते, आजी व्हिडिओ काढत असते. मला फटीतून दिसलं, असं म्हणायला त्या मुलाने धीर आणायचा कुठून? ते गप्प बसतं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी मिळालेलं ज्ञान नाकारायला शिकतं. ज्याला फसवता येत नाही ते प्रामाणिक मूल ‘मला काहीच दिसत नाही’ म्हणतं आणि त्यालाच कमी समजलं जातं. शाळेत विज्ञानाच्या तासाला आपण त्याला बघ, मोज, जे दिसलं तेच लिही, असं सांगतो. रविवारच्या वर्गात त्याला जे दिसलं ते लपव, हे शिकवतो.

पालकांना मी मूर्ख समजत नाही. आपल्याला शाळेत मज्जासंस्था शिकवली ती आकृतीत नावं भरण्यापुरती: मोठा मेंदू विचाराचा, लहान मेंदू तोलाचा, लंबमज्जा श्वासाची. मध्यमेंदूच्या नावापुढे फारसं काही नसायचं. त्या रिकाम्या जागेत कुणीही येऊन काहीही लिहू शकतो. मेंदू घडतो, बदलतो, हे आईबापांनी ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, हे एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं. पण ते चालक हजारो रस्ते पाठ करण्यात तीन-चार वर्षं घालवतात. मूल वाचायला शिकतं, तबला शिकतं, पोहायला शिकतं तेव्हाही मेंदू असाच बदलत असतो, रोज थोडाथोडा. शनिवार-रविवारात गाण्याच्या तालावर तो बदलत नाही.

ज्या आईबापांनी पैसे भरले त्यांतल्या अनेकांना खरी काळजी होती: मूल वाचताना अडखळतं, फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गाळतं, एका जागी बसत नाही. ही काळजी खरी आहे आणि तिच्यासाठी जागाही आहेत. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चष्म्याचा नंबर तपासा, कान तपासा. मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. मुंबईत सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत ती होते, आणि तिथलं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेत जास्तीच्या वेळेसारख्या सवलती मिळतात. शिबिराच्या फीमध्ये विशेष शिक्षकाचे कितीतरी तास बसतात. आणि तुमच्या शाळेत मिडब्रेनचं प्रात्यक्षिक ठेवायचं घाटत असेल, तर मुख्याध्यापकांना आधीच लेखी कळवा की कार्ड मुलांच्या डोक्यामागे धरलं जाईल, या अटीवरच ते होऊ द्यावं.